चौथं ढेकूळ

नवागाम, सुरत
८ फेब्रुवारी

श्री. दगा सुपडू, पावसाचे मोठे जाणकार, मुक्काम खर्दे, यांना मालतीकडून.

तुमचं पोस्टकार्ड पोचलं. मी पंधरा दिवसांपूर्वी चार पानं भरून कळवलं होतं, की आपल्या एकुलत्या एका लेकीचं, धनश्रीचं, लग्न ठरलं. मुलगा कडोदऱ्याचा, शुभम नाव, मिलमध्ये रंगाच्या खात्यात कामाला, माणसं आपल्याच भागातली. तारीख २६ एप्रिल. त्यावर तुमचं उत्तर आलं, ते असं: 'आंब्याला मोहोर भरपूर. दोन दिवस धुई पडली. कडाका कमी.' बास. मी कार्ड उलटं केलं, उजेडात धरलं, कुठे बारीक अक्षरात काही लिहिलंय का ते पाहिलं. लग्नाचं एक अक्षर नाही. तुम्ही आंब्याचे बाप आहात की धनश्रीचे, ते एकदा ठरवून टाका.

तुम्ही म्हणाल, फोन का करत नाहीस. करून झाला. चौतीस वर्षं लूमच्या खात्यात उभं राहून तुमच्या कानांचं काय झालं ते मला ठाऊक आहे. सुकलालभाऊजींच्या फोनवर तुम्ही सगळ्याला 'हां, हां' म्हणता. मागच्या वेळी मी मुद्दाम विचारलं, 'उद्या मी मेले तर याल का?' तुम्ही म्हणालात, 'हां, हां, ठीक शे.' म्हणून पत्र लिहिते. पत्र तरी ऐकू आलं नाही असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

प्रश्न एकच आहे. मंडपात कन्यादानाला माझ्या शेजारी कोण बसणार? तुम्ही येणार नसाल तर माझा भाऊ गोपाल आणि वहिनी बमरोलीहून येऊन बसतील. गोपालला तुम्ही ओळखता. भटजी मंत्र म्हणत असताना तो तंबाखू चोळेल आणि मुलीचा हात जावयाच्या हातात देताना आधी स्वतःचा हात पँटीला पुसेल. पण तो येईल तरी.

धनश्रीचं म्हणणं वेगळंच. ती ऑर्डरींची पाकिटं बांधता बांधता म्हणाली, 'मम्मी, पप्पा नहीं तो मंडप भी नहीं. कोर्टात सही करून येऊ आम्ही. मामाच्या हातून मला कोणी कोणाला द्यायचं नाही.' आणि परत चिकटपट्टी ओढायला लागली. तिच्या सासूला हे कळलं तर ती बाई तिथल्या तिथे चक्कर येऊन पडेल. तशीही ती दर दहा मिनिटांनी चक्कर आल्यासारखं करतेच.

तुम्ही का येत नाही ते मला माहीत आहे. गल्लीतली पोरं तुम्हाला 'कोरडा भादवा' म्हणाली म्हणून. साठी उलटलेला माणूस, आणि चड्डीतल्या पोरांच्या हाकेला घाबरून गाव गाठतो. पाच महिने झाले. लाज वाटायला हवी होती ती पोरांना, आणि वाटली तुम्हाला.

या किंवा येऊ नका. पण काय ते नीट लिहा. मोहोराचं लिहू नका.

मालती


नवागाम
५ मार्च

पुन्हा तेच. 'होळीचा जाळ उगवतीकडे झुकला. पाऊस मध्यम. लिंबाची पानगळ लवकर.' मी लिहिलं होतं, हॉलवाल्याला पक्कं सांगायचंय, नावं घालून पत्रिका छापायची आहे. पत्रिकेत मुलीच्या बापाच्या जागी काय छापू? 'होळीचा जाळ उगवतीकडे झुकला'?

इथेही होळी झाली. जाळ कुठे झुकला ते मी पाहिलं नाही. इथल्या गल्लीत वारा ज्या फटीतून मिळेल त्या फटीतून येतो. आपल्या होळीचा जाळ शेजारच्या गजेंद्रच्या खोलीच्या भिंतीकडे झुकला, म्हणून तो बादली घेऊन उभा होता. यावरून पाऊस किती पडेल ते तुम्ही काढा.

तुम्ही दर वर्षी होळीपाशी उभे राहायचात, हात मागे बांधून, आणि आपली खान्देशी मंडळी तुमच्या तोंडाकडे बघत उभी. मला तेव्हाही हसू यायचं. खात्यात ज्याला शेठ नावाने ओळखत नाही, 'बारा नंबरवाला' म्हणतो, तो माणूस इथे येऊन वाऱ्याला नावं ठेवतोय. आणि लोक विचारणार! 'दगाबाबा, कुरडया कधी घालू?' 'दगाबाबा, गावाकडे पेरणीला कधी निघू?' तुम्ही आभाळाकडे बघायचं, नाक वर करून हुंगायचं, आणि मग सांगायचं. चौतीस वर्षं त्या खात्यात एक खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे तुम्हाला सुट्टी झाल्यावर कळायचं. असा माणूस सगळ्या नवागामला ऋतू सांगत होता.

आणि अक्षय्य तृतीयेची आपली आखाजी तर विचारूच नका. त्या दिवशी तुम्ही राजे. पितरांची घागर सगळेच भरतात, वर डांगर ठेवतात, नैवेद्य दाखवतात आणि मोकळे होतात. तुमचं तेवढ्यावर भागत नाही. गावाहून एसटीने शेतातली चार ढेकळं यायला हवीत, सुकलालभाऊजींनी स्वतः वेचलेली. चार ढेकळं म्हणजे जेठ, आखाड, सावन, भादवा. त्यांवर नवी कोरी घागर. घागर पाझरते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जे ढेकूळ भिजलं तो महिना पावसाचा, जे कोरडं राहिलं तो कोरडा. मातीचं मडकं कुठून पाझरेल ते कुंभाराच्या हाताला विचारावं. पण नाही. सकाळी सात वाजता दाराशी चाळीस माणसं. तुम्ही घागर उचलायची, वाकायचं, एकेका ढेकळाला अंगठा लावायचा. उचलायचं नाही, उचललं की महिना जागचा हलतो असं तुमचं शास्त्र. मग उभं राहायचं. तेव्हा त्या चाळीस माणसांत जी शांतता असायची, तशी माझ्या बालवाडीत कधी झाली नाही.

गेल्या आखाजीला तुम्ही अंगठा लावला आणि म्हणालात, 'जेठ बरा. आखाड भरीसन जाई. सावन बरा. भादवा कोरडा शे. पानी येवाव नई.' एवढ्या ठामपणे म्हणालात, की माझ्या सुद्धा अंगावर काटा आला. त्याचं कारण वेगळं होतं. ते जाऊ दे.

पुढचं तुम्हाला सांगायला नको, पण सांगते, कारण तुम्ही ते विसरल्यासारखं करता. गजेंद्रने तुमच्या शब्दावर, चमकीचे खडे चिकटवायला आणलेल्या साड्यांचे गठ्ठे भादव्यात माळ्यावर चढवले नाहीत. खालीच ठेवले. गणपती बसून तीन दिवस झाले आणि खाडीचं पाणी गल्लीत शिरलं. गुडघ्याच्या वर. गठ्ठे पाण्यात, रंग एकमेकांत, गजेंद्रची बायको चंचल पायरीवर बसून साड्या पिळतेय आणि रडतेय. गजेंद्र तुम्हाला एक शब्द बोलला नाही. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं. बोलली ती पोरं. पाण्यात उड्या मारत, 'कोरडा भादवा! कोरडा भादवा!'

आठव्या दिवशी तुम्ही पिशवी भरलीत. मी म्हटलं, 'कुठे?' तुम्ही म्हणालात, 'गाव.' मी म्हटलं, 'एका ढेकळासाठी?' तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, की मी पुढे बोलले नाही. मी बोलायला हवं होतं. ढेकूळ चुकलं, चुकू दे, माती ती माती. त्यात एवढं काय?

पत्रिका पुढच्या आठवड्यात छापायला द्यायची आहे. तुमचं नाव मी घालणार. छापलेल्या नावाचा माणूस मंडपात नसला की लोक काय म्हणतात, त्याचा अंदाज तुम्ही नाक वर करून घ्या.

मालती


नवागाम
२३ मार्च

कार्ड मिळालं. 'बहावा फुलला. महिनाभर आधीच. तो फुलला की दीड महिन्यात पाऊस, पण यंदा हिशोब लागत नाही. झाडं गोंधळली.' हे वाचून मला बरं वाटलं असं म्हटलं तर तुम्हाला राग येईल, पण वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही 'लागत नाही' असं लिहिलं. झाडं गोंधळली म्हणता. झाडांना दोष देणं सोपं. इकडे मार्चमध्येच पत्र्याखाली बसवत नाही, फेब्रुवारीत थंडी म्हणून काढलेल्या शाली एकदाच अंगावर घेतल्या आणि परत पेटीत गेल्या. दिवाळीत तर पंखा बंद केला नव्हता. ऋतू बदलले ते सगळ्यांनाच दिसतं, त्यासाठी बहाव्याखाली उभं राहावं लागत नाही.

तुमच्या लेकीच्या फोनमध्ये आता हवामान दिसतं. पाडव्याला तिने मला दाखवलं, 'पाऊस, चाळीस टक्के.' मी विचारलं, चाळीस टक्के म्हणजे काय? डाव्या हातावर पडेल आणि उजव्या हातावर नाही? ती म्हणाली, 'मम्मी, तू पण ना!' पाऊस पडला नाही. त्या फोनला कोणी 'कोरडा' म्हणालं नाही. फोन गाव सोडून गेला नाही.

तुम्हाला ऐकायचं नसेल तरी सांगते. पाडव्याच्या दिवशी गजेंद्र आला होता. हातात साखरेची माळ. धनश्रीसाठी म्हणाला. मग दारातच उभा राहिला, पायाने उंबरठा घासत. म्हणाला, 'काकू, काकाले सांगा, मन्हा मनमा काय नई. पानी काय त्येस्नी सोडं का?' आणि म्हणाला, की साड्या तो तसाही माळ्यावर चढवणार नव्हता, माणसं मिळत नव्हती. खोटं बोलत होता. मला समोरच्याचं खोटं लगेच कळतं. मी स्वतः इतकं चांगलं बोलते म्हणून कळतं.

मी त्याला चहा दिला. तो त्याच्या पायरीकडे बघत होता. ती पायरी त्याने गेल्या वर्षी आखाजीच्या आधीच बांधायला काढली होती, तुम्हाला आठवत असेल. दाराशी रेती आणि सिमेंटच्या मसाल्याचा ढीग पडला होता, त्यातले गोळे वाळून दगड झाले होते. आता पायरी चांगली झाली आहे.

चंचल विचारत होती, कुरडया कधी घालू. मी म्हटलं, मला काय विचारतेस, घाल की, ऊन भरपूर आहे. ती म्हणाली, 'काका सांगायचे ना.' घातल्याच नाहीत तिने अजून. असली अडाणी माणसं तुम्ही गल्लीभर तयार करून ठेवली आणि निघून गेलात.

पोरं आता 'कोरडा भादवा' म्हणत नाहीत. एकाने म्हटलं होतं संक्रांतीला, पतंग उडवताना. त्याचा कान मी असा पिळला, की त्याची आई भांडायला आली. तिला मी सांगितलं, 'त्यांना कोणी काही म्हणायचं नाही. त्यांची चूक नव्हतीच' आणि तिथेच थांबले. ती म्हणाली, 'मग कोणाची?' मी दार लावून घेतलं.

गोपालने नवा सदरा शिवायला टाकला, कन्यादानासाठी. जांभळा. वर मला म्हणतो, 'ताई, मी मनापासून करीन.' मनापासून! धनश्रीने त्याच्यासमोर कोर्टाचा फॉर्म फोनमध्ये उघडून दाखवला. दोघांत मी बसले होते.

मला तुमच्याशी एक बोलायचं आहे. आखाजीच्या सकाळचं. तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा

जाऊ दे. कागद संपत आला आहे.

मालती


नवागाम
९ एप्रिल

आज तुमचं पार्सल आलं.

एसटीच्या पार्सल ऑफिसातून धनश्री घेऊन आली. खोका हलका नव्हता. ती म्हणाली, 'पप्पांनी लग्नाला काहीतरी पाठवलं.' तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. कात्रीने दोरी कापली, आणि आतून निघाली माती. ती 'मला कामावर जायचंय' म्हणून निघून गेली. मी खोक्यापुढे बसून तुम्हाला मोठ्याने शिव्या दिल्या. पोरीच्या लग्नाला सतरा दिवस, आणि बाप ढेकळं पाठवतो. चिठ्ठी नाही, येतो नाही, येत नाही नाही. खोका उचलून गटारात ओतावा असं मनात आलं, आणि खरंच उचलला.

मग पाहिलं, प्रत्येक ढेकूळ वेगळं गुंडाळलंय. वर्तमानपत्राच्या कागदात, सुतळी बांधून, आणि कागदावर तुमच्या त्या वाकड्या अक्षरात नाव. जेठ. आखाड. सावन. भादवा. तुम्ही कधी नावं घालत नव्हतात, घागर ठेवताना तोंडाने म्हणायचात. आणि खाली आणखी एक. पाचवं. मला वाटलं यंदा अधिक मास आहे, धोंड्याचा महिना, त्याचं असेल. पण अधिकाला ढेकूळ नसतं, हे तुम्हीच सगळ्यांना सांगत आलात. मी ते उलटं केलं. त्यावर लिहिलं होतं, 'फुटलं तर.'

दूध उतू गेलं तरी मी उठले नाही.

म्हणजे तुम्हाला माहीत आहे. कधीपासून? मी सांगते कधीपासून. पाणी उतरल्यावर तुम्ही देवाखालच्या फळीवरची परात खाली घेतलीत. चारही ढेकळं चार महिने संपेपर्यंत तिथे ठेवायची तुमची पद्धत. पाणी त्या फळीपर्यंत आलं होतं. तीन विरघळून चिखल झाली होती आणि एक तसंच्या तसं बसलं होतं. तुम्ही ते हातात घेतलंत, नखाने खरवडलंत, आणि सदऱ्याच्या खिशात घातलंत. मला वाटलं तुम्ही त्या मातीवर चिडलात. मी तेव्हा भांडी धूत होते, आणि मान खाली घालून धूतच राहिले.

तर आता लिहिते. गेल्या आखाजीच्या सकाळी भादव्याचं ढेकूळ माझ्या हातून पडलं. तुम्ही आंघोळीला गेला होतात, मी परातीत पळसाच्या पानावर चारही मांडत होते, आणि ते निसटून फरशीवर पडून त्याचा भुगा झाला. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. पण आदल्या दिवशीच आपलं भांडण झालं होतं. मी म्हटलं होतं, 'मातीच्या गोळ्यांना कसला आलाय पाऊस?' आणि तुम्ही म्हटलं होतं, 'तुले काय समजस?' सगळ्यांदेखत. मला ते लागलं होतं. मनात आलं, बघू तर किती समजतं याला. मी दार उघडून गजेंद्रच्या पायरीजवळ गेले, मसाल्याच्या ढिगातून वाळलेला एक गोळा उचलला, तेवढ्याच आकाराचा. फुटलेल्या ढेकळाची माती पाण्यात कालवली आणि त्या गोळ्याला चोळली. चुलीला पोतेरं द्यावं तशी. तुम्ही ओल्या धोतराने आलात आणि वर घागर ठेवलीत. तुम्हाला कळलं नाही, म्हणून मला आनंद झाला. खोटं नाही सांगत, आनंद झाला.

सिमेंट कुठून पाणी पिणार? दुसऱ्या सकाळी तुम्ही अंगठा लावलात, आणि 'भादवा कोरडा' म्हणालात. तेव्हा अंगावर काटा आला तो याचा. चाळीस माणसं ऐकत होती. गजेंद्र पुढेच उभा होता. त्याच्याच पायरीचा गोळा, आणि त्याच्याच साड्या.

तुम्ही गल्लीत एकदा म्हणाला असतात, की ते ढेकूळ माझं नव्हतंच, तर तुमचं नाव राहिलं असतं. लोकांनी विचारलं असतं, मग कोणी बदललं? आणि घरात आपण दोघंच होतो, धनश्री कामावर. तुम्ही काही म्हणाला नाहीत. 'कोरडा भादवा' ऐकून घेतलंत, पिशवी भरलीत आणि गेलात. आणि मी इथे सात महिने तुम्हाला भित्रा म्हणत राहिले. पत्रातून सुद्धा म्हटलं. ती पत्रं फाडून टाका. नाही, ठेवा. माझ्या तोंडावर मारायला ठेवा.

मला माझी लाज वाटते. हे मी बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा लिहितेय, तेव्हा अक्षर नीट नाही आलं तर समजून घ्या. तुमचं ते आखाजीचं उभं राहणं मला थेर वाटायचं. बाराही महिने तो माणूस बारा नंबरवाला असतो आणि त्या एका सकाळी त्याला कोणीतरी 'बाबा' म्हणतं, हे मला दिसत होतं, आणि तरी मी त्या सकाळीच हात घातला.

आता तुम्ही म्हणाल, बघ, ढेकूळ खरं असतं तर भिजलं असतं. ते मी मान्य करणार नाही. पाणी शिरलं त्या दिवशी आपल्या गल्लीवर पावसाचा थेंब नव्हता, तुम्हाला आठवतं? ऊन पडलं होतं. चंचलच्या चादरी वाळत होत्या. पाणी खाडीतून आलं, वरच्या अंगाला कुठेतरी पडलेलं. गावाला पाणी वरून येतं, इथे बाजूने येतं. तुमच्या शेतातल्या ढेकळाला खाडी काय माहीत? खरं ढेकूळ असतं तरी ते कोरडं राहिलं असतं की भिजलं असतं, हे आता देवालाच ठाऊक. तुम्ही चुकला असतात की नाही, हे सुद्धा मी तुम्हाला कळू दिलं नाही. मला सगळ्यात जास्त त्याचं वाईट वाटतं.

संध्याकाळी धनश्री आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'मम्मी, तू तो गजब है.' मग पाचवं ढेकूळ हातात घेतलं, कागद वाचला आणि रडली. मग मी गजेंद्रकडे गेले, एकटी. त्याला आणि चंचलला दोघांना सांगितलं. चंचल उठून आत गेली. गजेंद्र हसला. खूप वेळ हसला. मला वाटलं होतं हाकलून देईल. उद्या गल्लीत सगळ्यांना कळेल. चंचलला सांगितलं म्हणजे कळलंच. पोरं मला काय नाव ठेवतात ते बघायचं आता.

आखाजी एकोणीस तारखेला आहे. घागर मी भरीन. ढेकळांना हात लावणार नाही. ती तुम्ही येऊन मांडा. पाच का म्हणून कोणी विचारलंच तर मी सांगीन, यंदा धोंड्याचा महिना आहे म्हणून. तेवढं खोटं मला बोलू द्या.

गोपालचा जांभळा सदरा शिवून आला आहे. त्याला मी सांगितलंय, तो वरातीत घाल.

मालती


दाराला चिकटवलेली चिठ्ठी
१८ एप्रिल, दुपारी

कार्ड काल मिळालं. 'आभाळ मोकळं. अठराला पॅसेंजरने येतो.' सात महिन्यांत आभाळ सोडून पहिलं वाक्य लिहिलंत. त्यात गाडीची वेळ लिहिली असती तर मला उधना स्टेशनवर येता आलं असतं. पॅसेंजर कधी पोचते ते तुमच्या बहाव्यालाही सांगता येणार नाही.

मी घागर आणायला कुंभाराकडे गेले आहे. किल्ली चंचलकडे आहे. ती तुम्हाला कुरडयांचं विचारेल. महिनाभर थांबली आहे, तिला आधी सांगा, मग चहा प्या. चहा गाळून ठेवला आहे, गरम करून घ्या. दाराशी पोरं असतील. ती आता मला 'सिमेंटवाली काकू' म्हणतात. कोणाचा कान पिळू नका.

ढेकळं फळीवर आहेत. रोज बघते, पाचही शाबूत आहेत. उद्या चारच लागतील. पाचवं उरलं तर गावाला परत नेऊ नका. ते इथेच राहू दे. माझ्या हातून पुन्हा काहीतरी फुटेलच.

मालती